घरच्या ‘नॅस’चे दार बंद आहे ना?

जून २०२१च्या अखेरीस जगभरातल्या अनेक घरांत एकच प्रकार घडला. वेस्टर्न डिजिटल कंपनीचे ‘माय बुक लाइव्ह’ हे साठवणीचे उपकरण चालू होते, हार्ड डिस्क ठणठणीत होती; पण आत एकही फाइल उरली नव्हती. वर्षानुवर्षे जमवलेले फोटो, हिशेब, कागदपत्रे, सगळे साफ. उपकरणाच्या लॉगमध्ये ‘फॅक्टरी रीसेट’ची नोंद तेवढी सापडली. तो आदेश मालकाने दिलेला नव्हता. इंटरनेटवरून आला होता.

तपासात निघालेले कारण थक्क करणारे होते. रीसेट करणाऱ्या प्रोग्राममध्ये पासवर्ड तपासणाऱ्या ओळी होत्या, पण प्रत्येक ओळीच्या आरंभी दोन तिरप्या रेघा मारलेल्या होत्या. अशी ओळ म्हणजे प्रोग्रामरची टीप, असे समजून संगणक ती सोडून देतो. कंपनीच्याच खुलाशाप्रमाणे एप्रिल २०११मधल्या फेरबदलात ही चूक शिरली. २०१५ नंतर या उपकरणाला फर्मवेअरचे अपडेटही मिळाले नव्हते. परिणामी, पासवर्ड कितीही भक्कम असला तरी तो विचारलाच जात नव्हता.

‘माय बुक लाइव्ह’सारखे नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज, म्हणजेच ‘नॅस’, दिसायला हार्ड डिस्कची पेटी असली तरी प्रत्यक्षात तो प्रोसेसर, ऑपरेटिंग सिस्टीम आणि वेब सर्व्हर असलेला अख्खा संगणक आहे. घरातला राउटर एरवी त्याचे रक्षण करतो. आतून कोणी मागितलेल्या माहितीचे उत्तर तो आत सोडतो. बाहेरून आपणहून आलेल्याला दारातच अडवतो. परदेशातल्या मुलांना घरचे फोटो पाहता यावेत म्हणून आपण ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करतो आणि हे दार उघडतो. कधी तर आपल्याला पत्ताही लागत नाही. राउटरमध्ये ‘यूपीएनपी’ सुरू असेल, तर नॅस परस्पर सांगून पोर्ट उघडून घेऊ शकतो.

‘आपल्या घरात असे काय आहे? आपल्यामागे कोण लागणार?’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. इंटरनेटवरच्या उपकरणांना मिळणारे आयपीव्ही४ पद्धतीचे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३मध्ये ‘झीमॅप’ नावाचा प्रोग्राम तयार केला. वेगवान जोडणी असलेल्या एकाच संगणकावरून त्यांनी जगभरचे जाहीर पत्ते पाऊण तासाच्या आत चाचपून दाखवले. हल्लेखोराला तुमचे नाव ठाऊक असण्याची गरज नाही. उघडे पोर्ट पुरते.

जानेवारी २०२२मध्ये ‘डेडबोल्ट’ टोळीने क्यूनॅप कंपनीची अशीच उघडी उपकरणे गाठून त्यांतल्या फाइल कुलूपबंद केल्या. लॉगिनच्या पानाऐवजी खंडणीची मागणी दिसू लागली: फाइल सोडवायच्या तर ०.०३ बिटकॉइन भरा. किल्ली देण्याची व्यवस्था स्वयंचलित होती. पैसे आल्याचे दिसताच, व्यवहार पक्का होण्याआधीच, ती दिली जाई. डच पोलिसांनी नेमके हेच हेरले. पैसे पाठवायचे, किल्ली हाती आली की व्यवहार पक्का होण्यापूर्वी रद्द करायचा. ऑक्टोबर २०२२मध्ये त्यांनी अशा १५५ किल्ल्या मिळवल्याचे जाहीर केले. लबाडाला लबाडीनेच गाठले खरे. पण त्यानंतर टोळीने ती पळवाट बुजवली.

आपल्याकडच्या अनेक ब्रॉडबँड कंपन्या एकच जाहीर पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटतात, त्यामुळे थोडा आडोसा आपोआप मिळतो. मात्र सीसीटीव्ही बाहेरून पाहण्यासाठी स्टॅटिक आयपी घेतला, की हा आडोसा गेला.

म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन यूपीएनपी बंद करा आणि नॅससाठी उघडलेली पोर्ट काढून टाका. बाहेरून फाइल हव्याच असतील, तर व्हीपीएन वापरा. मग आधी ओळख पटवल्याशिवाय नॅसच्या लॉगिनपर्यंत कोणी पोहोचत नाही. वेगळ्या नावाचे प्रशासक खाते उघडून ‘अ‍ॅडमिन’ हे मूळ खाते बंद करा, कारण पासवर्ड शोधणारे प्रोग्राम पहिल्यांदा त्याच नावावर हात चालवतात. दुहेरी पडताळणी आणि आपोआप होणारे अपडेट सुरू ठेवा. कंपनीने अपडेट देणे थांबवलेला जुना नॅस घरातल्या घरात वापरा, इंटरनेटपासून तोडा.

दोन डिस्कवर एकच माहिती ठेवणाऱ्या ‘रेड’ रचनेला बॅकअप समजू नका. एक डिस्क बिघडली तर ती वाचवते. पण फाइल पुसण्याचा आदेश दोन्ही डिस्क सारख्याच निमूटपणे पाळतात. खरा बॅकअप तोच, ज्याच्यापर्यंत नॅसचा हात पोहोचत नाही. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, महिन्यातून एकदा जोडा, प्रत उतरवा आणि लगेच काढून कपाटात ठेवा. त्यातल्या चार फाइल उघडून पाहायलाही विसरू नका. राउटरची सेटिंग तपासायला दहा मिनिटे लागतात. ती आजच काढा.