कोवळी मूत्रपिंडे आणि औषधे

"डॉक्टर, सातवा महिना आहे. कंबर फार दुखते. मेडिकलमधून गोळी आणून घेतली तर चालेल का?" हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. पाथर्डीकडच्या भगिनी ऊसतोडीला जातात, दिवस गेलेले असले तरी मोळी उचलावीच लागते. गोळीकडे हात जातो यात नवल ते काय?

आपल्या एकेका मूत्रपिंडात सरासरी दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. गर्भाच्या साधारण 36 व्या आठवड्यापर्यंत त्या तयार होतात. पुढे जन्मभर एकही नवी तयार होत नाही. मेंढीच्या कोकराचेही काम पोटातच उरकते. उंदराच्या पिल्लात मात्र गाळण्या जन्मानंतरही सुमारे आठवडाभर तयार होत राहतात. म्हणून शास्त्रज्ञांनी या पिल्लांवर औषधे तपासली. काही वेदनाशामके किंवा रक्तदाबावरील एनालाप्रिल त्या दिवसांत दिले, तर मूत्रपिंडाची घडण बिघडते असे आढळले.

माणसातही पुरावा आहे. गर्भारपणात आईने निमेसुलाइड घेतल्यावर नवजात बाळाची मूत्रपिंडे कायमची निकामी झाल्याचे 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये नोंदले गेले. 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 20 व्या आठवड्यानंतर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या टाळा, असा इशारा दिला. गर्भजल कमी होते, कारण ते बहुतांशी बाळाच्या लघवीचेच असते.

म्हणून औषधालाच घाबरायचे का? मुळीच नाही. जेंटामायसिन मूत्रपिंडाला जाच करू शकते, हे खरे. पण त्याच 1999 साली, त्याच 'लॅन्सेट'मध्ये डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतील 39 गावांचा अनुभव मांडला. गावातल्याच प्रशिक्षित महिलांनी जंतुसंसर्ग झालेल्या अर्भकांना घरी हेच इंजेक्शन मोजून दिले, बाळाची इतर काळजीही घेतली आणि बालके वाचली. नवजात मूत्रपिंड औषध हळू बाहेर टाकते, त्यामुळे मात्रा वजनावर आणि दोन इंजेक्शनांतले अंतर बाळाच्या वयावर ठरवावे लागते. मोठ्या भावाचे उरलेले औषध अंदाजाने पाजणे ही निराळीच गोष्ट.

कंबरदुखीला विश्रांती, शेक आणि डॉक्टरांनी सांगितल्यास पॅरासिटामॉल पुरे होते. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या स्त्रीने पाळी चुकताच चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जावे. गोळी बदलून मिळते. आपल्या मनाने मात्र ती बंद करू नये.