माहिती सर्वांची, शब्द लेखकाचे

पालघर किंवा बोईसर-तारापूरविषयी मराठी विकिपीडियावर लिहू पाहणाऱ्या नवख्या माणसाचा मजकूर पुष्कळदा काढून टाकला जातो. आपल्या गावाचाच अव्हेर झाला, असे त्याला वाटते. वस्तुतः २००३ साली सुरू झालेला हा ज्ञानकोश आपल्याकडे दोनच गोष्टी मागतो : विधानाला आधार आणि स्वतःचे शब्द.

तारापूरचे अणुविद्युत् केंद्र १९६९ साली सुरू झाले, ही माहिती कोणाच्या मालकीची नाही. ती आपण खुशाल सांगावी. परंतु ती सांगताना दुसऱ्याने रचलेली वाक्ये उचलू नयेत. १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. खाली त्याचे नाव दिले म्हणजे परवानगी मिळाली, असे होत नाही. १८८२ चे ठाणे गॅझेटियर आता या बंधनातून मुक्त आहे. तरी त्याचाही उल्लेख करावा लागतो, कारण वाचकाला पडताळा घेता आला पाहिजे.

खरी अडचण पुढेच आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरला गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. अशा दिवसाच्या कित्येक आठवणी घराघरांत तोंडीच राहतात आणि आजोबांची तोंडी आठवण कोशात आधार म्हणून चालत नाही. ती आधी अभ्यासकाने किंवा वृत्तपत्राने तपासून छापली पाहिजे. सांगणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत. तेव्हा कोशात लिहिण्याआधी आपण हे काम हाती घ्यावे.