मशीन विजेवर चालतं, डायलिसिस कशावर?

डायलिसिस विभागाचं उद्घाटन असलं की फीत मशीनसमोर बांधतात, फोटोही मशीनचाच निघतो. मागच्या खोलीत पाण्याच्या टाक्या आणि आरओ प्लँट असतो, तिकडे पाहुण्यांना कोणी नेत नाही. मी टेक्निशियन. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे नोकरी केली. आमचे बरेचसे किस्से त्या मागच्या खोलीतूनच सुरू होतात.

टँकरचं ‘चांगलं’ पाणी

मशीनला मिनिटाला अर्धा लिटर शुद्ध पाणी लागतं. म्हणजे चार तासांत एका पेशंटमागे 120 लिटर, आणि आरओ जे पाणी बाहेर फेकतो ते वेगळंच. पाच मशीन आणि तीन पाळ्या असल्या तर हिशोब तुम्हीच करा.

एका उन्हाळ्यात नळाने दगा दिला म्हणून टँकर मागवला. तो वेळेवर आलाही. पण टाकीचं झाकण उघडलं तर क्लोरीनचा भपकारा. दवाखान्याचं काम म्हणून टँकरवाल्याने भक्तिभावाने ब्लीचिंग पावडर जास्तच टाकली होती. असं पाणी पोटात गेलं तर निभावतं. डायलिसिसमध्ये मात्र ते एका पातळ पडद्यापलीकडून रक्ताला भिडतं आणि तांबड्या पेशी फोडतं. आमच्या कार्बन फिल्टरला तेवढं क्लोरीन झेपेना. चाचणी साफ येईपर्यंत पहिली पाळी थांबवली. पहिल्या एसटीने आलेले पेशंट बाकावर ताटकळले. एक निवृत्त गुरुजी म्हणाले, “पाणी नव्हतं तेव्हाही बसलो, आता आलंय तरीही बसलोच!”

डिझेलमध्ये हवा

भारनियमनाच्या काळात आमच्याकडे एक जुनं मशीन होतं, बॅटरी नसलेलं. वीज गेली की रक्ताचा पंप थांबायचा. पेशंटचं पेलाभर रक्त तेव्हा नळ्यांत आणि कृत्रिम किडनीत असतं. ते तसंच राहिलं तर गोठतं. म्हणून पंपाला हँडल लावून हाताने फिरवायचं आणि रक्त परत शरीरात पोचवायचं.

एकदा वीज गेली आणि जनरेटरही धरेना. दारात पारोळ्याकडचे एक शेतकरी काका उभे होते, त्यांच्या पत्नीचं डायलिसिस चालू होतं. मी हँडल फिरवत असताना ते म्हणाले, “हे तर आमच्या ऑइल इंजिनासारखंच की!” मग जनरेटरचा आवाज ऐकून सरळ मागे गेले. “डिझेलमध्ये हवा धरली आहे,” असं म्हणत पान्याने नट सैल केला, हवा काढली आणि जनरेटर सुरू केला. पुढे पत्नीला खाटेवर झोपवलं की ते आधी जनरेटर बघून यायचे.

हाताशी असेल त्यावर भागवणं तर डायलिसिसच्या यंत्राच्या जन्मापासूनच आहे. 1943 मध्ये जर्मनांनी व्यापलेल्या नेदरलँड्समधल्या काम्पेन गावात विलेम कॉल्फ या डॉक्टरने सॉसेजला वापरतात ती सेलोफेनची नळी लाकडी ड्रमला गुंडाळून कृत्रिम किडनी केली. पहिल्या सोळा पेशंटांवर फारसं यश आलं नाही. 1945 मध्ये सतरावी पेशंट, एक बाई, वाचली.

वेफर म्हणजे केळं थोडंच!

किडनी बंद पडली की पोटॅशियम रक्तात साचतं आणि वाढलं तर हृदय थांबवतं. म्हणून केळं वर्ज्य. हे रावेर-यावलच्या माणसाला सांगून बघा! केळीचा मळा असलेले आमचे एक आबा दर खेपेला स्टाफसाठी फणी आणायचे, स्वतः शिवायचेही नाहीत. एका सोमवारी मात्र पाय लुळे आणि नाडी मंद. ईसीजी बघून त्यांना थेट मशीनवर घेतलं. दोन दिवसांच्या खंडानंतरचा दिवस आम्ही नेहमीच भिऊन असतो. “केळं खाल्लं?” “देवाशपथ नाही.” तास-दीड तासाने आजींनी भांडं फोडलं: घरात लग्न होतं आणि आबांनी केळीच्या वेफर्सचा डबा संपवला होता. त्यांची शपथ मात्र खरीच होती. वेफर म्हणजे केळं, हे आमच्या यादीतच लिहिलेलं नव्हतं. त्याच दिवशी लिहिलं.

दिवस फुकट नाही

1975 मध्ये आणीबाणीतल्या कैदेतून जयप्रकाश नारायण यांची सुटका झाली तेव्हा त्यांची किडनी गेलेली होती. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांचं डायलिसिस सुरू झालं. मशीनसाठी लोकवर्गणी निघाली. इंदिरा गांधींनीही 90 हजार रुपये पाठवले, ते जेपींनी परत केले. खानदेशातल्या साध्या माणसाने तेव्हा कोणाकडे बघायचं?

2 जुलै 2012 ला मोफत उपचारांची राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत धुळे होतं. तीच पुढे महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली. 2016 मध्ये केंद्राचा डायलिसिस कार्यक्रम आला. डायलिसिसच्या पेशंटला एसटीचा प्रवासही मोफत आहे. तरी साक्रीकडचे एक मजूर दादा म्हणायचे, “मशीन फुकट आहे भाऊ, दिवस फुकट नाही.” आठवड्यातून दोन-तीन दिवस त्यांचा रोज बुडायचा आणि सोबत येणाऱ्या मुलाचाही. म्हणून आमच्या पाळ्या डॉक्टरांच्या सोयीने नव्हे, एसटीच्या वेळापत्रकाने लागायच्या. शेवटची गाडी चुकू नये म्हणून गावातलाच पेशंट बाहेरगावच्याला आपली पाळी द्यायचा. 2021 च्या एसटी संपात तर एका रस्त्यावरच्या पेशंटांनी मिळून काळी-पिवळी ठरवली आणि सगळे एकाच पाळीला येऊन धडकले. आमची मात्र धावपळ!

लघवीचे पेढे

आमच्याकडून बरे होऊन कायमचे जाणारे थोडे. घोणस चावलेले बरेचदा त्यांत असतात, कारण विषाने बंद पडलेली किडनी वेळीच आधार मिळाला तर पुन्हा चालू शकते. कापूस वेचताना साप चावलेल्या एका पोराची लघवी थांबली होती. काही डायलिसिस झाल्यावर एका सकाळी मापाच्या भांड्यात थोडी दिसली. दुसऱ्या दिवशी जास्त. त्याच्या बापाने वॉर्डभर पेढे वाटले. कशाचे, असं विचारलं की मोठ्याने सांगायचा!

त्या पोराच्या अंगावर सापाचे दात लागलेले दिसले, म्हणून घरच्यांनी त्याला लगेच दवाखान्यात आणलं. रक्तदाब आणि मधुमेह चावल्याची खूण दिसत नाही. तसले पेशंट कित्येक वर्षांनी येतात. धाप लागलेली, ओकाऱ्या चालू, हातावर फिस्टुला (मशीनसाठी शीर आणि धमनीची जोड) करून तो तयार होईपर्यंत थांबायला वेळ नाही, म्हणून पहिल्याच दिवशी मानेत नळी. लघवीतली प्रथिनं आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासायला खर्च थोडाच येतो. तालुक्याला मशीन येईल तेव्हा आनंदच आहे. त्याआधी ही तपासणी गावात नियमाने झाली, तर आमच्या बाकावरची गर्दी नक्की कमी होईल.