सहा नावे, दोन घराणी

'बलाचे प्रकार किती व कोणते?' हा प्रश्न परीक्षेत आला की उत्तर ठरलेले असते. स्नायुबल, यांत्रिक बल, घर्षणबल, गुरुत्वबल, चुंबकीय बल आणि स्थितिक विद्युत् बल. सहा नावे, प्रत्येकाचे एक उदाहरण, की पूर्ण गुण. उत्तर चूक नाही. पण विद्यार्थी मित्रांनो, या यादीकडे जरा निरखून पाहा, म्हणजे तिच्यात एक गंमत आढळेल.

स्नायुबल आणि यांत्रिक बल ही नावे, बल कोण लावतो त्यावरून पडली आहेत. घर्षणबल हे नाव ते केव्हा जाणवते त्यावरून पडले आहे. उरलेली तीन नावे मात्र बल कशामुळे निर्माण होते ते सांगतात. म्हणजे जत्रेतल्या माणसांची मोजदाद करताना एकाला 'फेटेवाला', दुसऱ्याला 'सुतार' आणि तिसऱ्याला 'साताऱ्याचा' म्हणून मोजावे, तशातला हा प्रकार झाला. साताऱ्याचा एखादा सुतार फेटा बांधून आला तर त्याला तीनदा मोजायचे काय? तेव्हा खरा प्रश्न असा, की या सहा नावांमागे मुळात निराळी अशी बले किती आहेत?

सुरुवात आपण यादीत नसलेल्या एका बलापासून करू. बाकावर दप्तर ठेवले आहे. पृथ्वी ते खाली ओढते आहे, तरी ते जागचे हलत नाही. म्हणजे बाक त्याला तेवढ्याच बलाने वर ढकलीत असला पाहिजे. शिक्षकांनी असे सांगितले की वर्गात चुळबुळ होते. निर्जीव बाक कसा ढकलणार? तो तर नुसता आडवा आला आहे! ही शंका रास्त आहे. न्यूटनचा नियम पाठ म्हणून दाखवल्याने तिचे समाधान होत नाही. त्यासाठी बाकालाच बोलते करायला हवे.

एक लांब, फार जाड नसलेला लाकडी बाक खिडकीतून येणाऱ्या उन्हात ठेवा. बाकाचा पाय आणि मध्य यांच्या दरम्यान एक छोटा आरसा पालथा नव्हे, उताणा ठेवा. त्याचा कवडसा दूरच्या भिंतीवर पडेल असे पाहा. (कवडसा कोणाच्याही डोळ्यांवर येऊ देऊ नका.) कवडशाच्या कडेला खडूने खूण करा आणि एका मुलाला बाकाच्या मध्यावर अलगद बसायला सांगा. कवडसा सरकेल. मुलगा उठला की तो पुन्हा खुणेवर येईल. काम मात्र चटपट उरकावे, कारण सूर्यही आपल्या परीने कवडसा सरकवीत असतो.

झाले काय? मुलाच्या भाराने बाक किंचित वाकला, आरसा किंचित कलला. आरसा जितक्या कोनातून कलतो त्याच्या दुपटीने परावर्तित किरण वळतो, आणि भिंत दूर असल्यामुळे ते वळणे ठळकपणे दिसते. जो बाक आपल्याला डोळ्यांनी ताठ दिसतो तो प्रत्यक्षात कडक स्प्रिंगसारखा दबतो आणि दबला म्हणून उलट ढकलतो. दप्तर ठेवले तरी तेच होते, फक्त कमी प्रमाणात. जमिनीवर उभे राहिलात तर फरशीचेही तेच होते.

आता आणखी एक पायरी खाली उतरू. दबलेले लाकूड उलट का ढकलते? लाकूड रेणूंचे, रेणू अणूंचे आणि प्रत्येक अणूत धनभारित केंद्राभोवती ऋणभारित इलेक्ट्रॉनांचे आवरण. अणू एका ठरावीक अंतरावर सुखाने नांदतात. ते दूर ओढले तर एकमेकांना आकर्षितात, फार जवळ ढकलले तर आवरणे एकमेकांना दूर सारतात. या ओढाताणीचे मूळ विद्युत् बलात आहे. (एकाच अवस्थेत दोन इलेक्ट्रॉन राहू शकत नाहीत, हा पाउली यांनी 1925 साली सांगितलेला नियमही येथे मोठी कामगिरी बजावतो, तो तुम्ही पुढे महाविद्यालयात शिकाल.) म्हणजे बाकाचा आधार, रबराचा ताण, दोरीचा खेच, स्प्रिंगचे बल ही सगळी विद्युत् बलाचीच निरनिराळी रूपे ठरतात.

घर्षणाची कथा तर याहून रंजक आहे. शार्ल कूलाँ हे फ्रेंच सैन्यातील अभियंते होते. लाकूड, दोर, लोखंड यांच्या घर्षणावर त्यांनी केलेल्या प्रयोगांना 1781 साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक मिळाले. पृष्ठभागावर भार जितका अधिक तितके घर्षण अधिक, मात्र पृष्ठभाग आडवा मोठा असो की लहान, घर्षणात विशेष फरक पडत नाही, हा नियम आमाँताँ यांनी 1699 मध्ये सांगितला होता. कूलाँ यांनी तो बारकाईने तपासला. विटेला दोरी बांधून ती आधी सपाट आणि मग कडेवर ठेवून स्प्रिंगच्या काट्याने ओढा. दोन्ही वेळचे आकडे जवळजवळ सारखेच येतील. पुढे चारच वर्षांनी, 1785 मध्ये, याच कूलाँ यांनी बारीक तारेला पीळ देणारा तराजू बनवून दोन विद्युत् भारांमधील बलाचा नियम शोधला. अंतर दुप्पट केले तर बल चौथाई होते, हा तो नियम. आज विद्युत् भाराच्या एककाला त्यांचेच नाव आहे. घर्षण आणि विद्युत् बल, दोन्ही या एका माणसाने हाताळली, पण पहिले हे दुसऱ्याचेच अपत्य आहे हे त्यांना कळण्याचा मार्ग नव्हता. कारण इलेक्ट्रॉनचा शोध लागायला 1897 साल उजाडावे लागले.

विसाव्या शतकात केंब्रिजच्या बोडन आणि टेबर यांनी दाखवले, की दोन पृष्ठभाग एकमेकांना खरोखरी फार थोड्या ठिकाणी, उंचवट्यांच्या टोकांशीच भिडतात. भार वाढला की हे उंचवटे चेपतात आणि खरा स्पर्श वाढतो. विटेचे कोडे इथे उलगडते. त्या टोकांवर अणू अणूला चिकटतात आणि ती चिकट सोडवताना जो विरोध होतो तो घर्षणाचा मोठा भाग असतो. कॅरमवर बोरिक पावडर टाकतो किंवा गाडीच्या आसाला वंगण घालतो, तेव्हा आपण मधे तिसराच पदार्थ आणून या चिकटण्यात अडथळा आणीत असतो.

अणूंच्या या चिकटण्याचा पुरा फायदा कोण घेत असेल, तर भिंतीवरची पाल! तिच्या चुकचुकण्याकडे लक्ष देण्याऐवजी तिच्या पायांकडे पाहिलेले बरे. तिच्या बोटांखाली लाखो सूक्ष्म केस असतात आणि प्रत्येकाची टोके पुन्हा शेकडो फाट्यांत विभागलेली असतात. ना डिंक, ना हवेची पोकळी. 2002 साली अमेरिकेतील केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले, की या फाट्या आणि भिंत यांच्या रेणूंमधील अतिशय क्षीण अशी विद्युत् आकर्षणेच पालीला धरून ठेवतात. एकेक आकर्षण क्षुल्लक असते, पण त्यांची संख्या प्रचंड!

राहिले स्नायुबल. 1954 साली दोन स्वतंत्र संशोधक गटांनी (योगायोग असा, की दोन्हींत हक्सली नावाचे एकेक शास्त्रज्ञ होते!) दाखवले, की स्नायू आखडतो तो त्यातील दोन प्रकारचे तंतू एकमेकांवरून सरकल्यामुळे. प्रथिनांच्या रेणूंचे हे धरणे, ओढणे, सोडणे म्हणजे रसायनशास्त्र, आणि रसायनशास्त्र म्हणजे पुन्हा इलेक्ट्रॉनांचाच कारभार. पहिलवानाचा दंड आणि पालीचा पाय यांचे नाते असे जवळचे आहे. यंत्राचे बल काही वेगळे राहत नाही.

चुंबकीय बलाचे काय? 1820 साली डेन्मार्कच्या अर्स्टेड यांना विद्युत् प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई वळलेली दिसली. 1831 मध्ये फॅरडे यांनी चुंबकाच्या हालचालीने तारेत प्रवाह निर्माण केला आणि 1860 नंतरच्या दशकात मॅक्सवेल यांनी दोन्ही एकाच गणितात बांधली. तेव्हापासून विद्युत् आणि चुंबकीय ही दोन नव्हे, एकच विद्युत् चुंबकीय बल होय.

बघता बघता सहापैकी पाच नावे एका घराण्यात गेली. गुरुत्वबल तेवढे वेगळे राहिले. ते आपल्याला सर्वांत बलाढ्य वाटते, पण कोरड्या हवेत केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो तेव्हा काय घडते ते पाहा. (पावसाळ्यात हा प्रयोग फसतो.) खाली ओढणारी संपूर्ण पृथ्वी आणि वर ओढणारा चिमुकला कंगवा, आणि जिंकतो कंगवा! एक मीटर अंतरावर बसलेल्या, प्रत्येकी 50 किलोग्रॅमच्या दोन मुलांमधील गुरुत्वाकर्षण बारीक वाळूच्या एका कणाच्या वजनाएवढे भरते. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्यातील विद्युत् आकर्षण त्यांच्यातील गुरुत्वाकर्षणापेक्षा सुमारे 2 वर 39 शून्ये इतके पट मोठे आहे. मग ग्रहताऱ्यांवर राज्य गुरुत्वाचे कसे? कारण धन आणि ऋण भार एकमेकांना रद्द करतात, पण गुरुत्व फक्त साठत जाते. त्याला उणे बाजू नाही.

अणुकेंद्रात आणखी दोन बले आहेत. प्रबल बल केंद्राला एकत्र बांधते. दुर्बल बलामुळे काही किरणोत्सर्गी पदार्थांत बीटा ऱ्हास होतो. सूर्यात हायड्रोजनच्या ज्वलनाची पहिली पायरीही याच दुर्बल बलाच्या हाती असल्यामुळे सूर्य भडकून एकदम संपत नाही, अब्जावधी वर्षे सावकाश तेवतो. ग्लॅशो, सलाम आणि वाइनबर्ग यांनी दुर्बल आणि विद्युत् चुंबकीय बले एकाच सिद्धांतात गुंफली. त्यांना 1979 चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि 1983 मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत त्याचे प्रत्यक्ष कण सापडले. गुरुत्वाला या कुटुंबात आणण्याचे प्रयत्न अजून चालूच आहेत.

शिक्षकांना एक सूचना. सहा नावांची यादी फळ्यावरून पुसू नका. व्यवहारात ती उपयोगी आहे. पुलाचे गणित मांडणारा अभियंता इलेक्ट्रॉन मोजत बसत नाही. मात्र प्रत्येक नावापुढे तीन रकाने आखा: कोण लावतो, स्पर्श लागतो का, आणि मूळ कोणते. तिसरा रकाना मुलांनाच भरू द्या. वाद होतील, होऊ द्यात.

त्या तक्त्यात भरायला एक अवघड नाव देतो: पाण्यात लाकूड वर ढकलणारे उत्प्लावक बल. पाण्याचे रेणू लाकडावर आदळतात, म्हणून ते विद्युत् घराण्यात जावे. पण पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अंतराळस्थानकात पाण्याच्या गोळ्यात सोडलेला हवेचा बुडबुडा वर येत नाही, तिथेच तरंगत राहतो. मग मूळ कोणते लिहाल?