अल्पवयीन मुलगा आणि पोलीस चौकशी



एरवी या पानावर आम्ही लागण, बेणे आणि खोडव्याविषयी लिहितो. आजचा विषय निराळा असला तरी शिवारातलाच आहे. विहिरीवरची मोटार गेली, केबल कापली गेली की पहिला संशय ऊसतोड टोळीतल्या पोरांवर जातो. पोर अठराच्या आतले असेल तर काय करायचे, हे दीपनगर भागात आम्हाला विचारले जाते.

घटनेच्या २०, २१ व २२ व्या कलमांचे संरक्षण लहानांनाही आहे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही; ताब्यात घेण्याचे कारण सांगावे लागते; वकील मिळतो. शिवाय २०१५ च्या बाल न्याय कायद्याने पुढील गोष्टी ठरवून दिल्या आहेत :

१) मुलाला कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. बेडी घालता येत नाही.

२) आईबापांना ताबडतोब कळवावे लागते.

३) प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते.

४) त्याचे नाव वा फोटो छापता येत नाही.

घराची झडती असेल तर पंच हवेत आणि जप्त मालाच्या यादीची प्रत घरधन्याने मागून घ्यावी. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर मंडळ तपासणी करून खटला बाल न्यायालयाकडे पाठवू शकते.

सगळे अडते ते वयाच्या पुराव्यावर. पुण्यात १९९४ साली एकाच घरात सात जणांचा खून झाला. १९९८ साली दोघांना फाशीची शिक्षा झाली. त्यातला एक जण गुन्ह्याच्या वेळी अवघा साडेबारा वर्षांचा होता, हे राजस्थानातल्या त्याच्या शाळेच्या दाखल्यावरून सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०२३ रोजी मान्य करून त्याला सोडले. तोवर २८ वर्षे तुरुंगात गेली होती. कायद्याने अशा मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षे सुधारगृहात ठेवता आले असते.

म्हणून शाळेत नाव घालताना '१ जून' अशी अंदाजे तारीख लिहून मोकळे होऊ नका. खरी तारीख लावा, जन्मदाखला जपून ठेवा. टोळी आणताना मुकादमाकडे पोरांच्या दाखल्यांच्या नकला आहेत का, तेही पाहा. मुलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. १०९८ वर फोनही करता येतो.

आणि पोर सापडलेच तर झाडाला बांधून मारू नका. मारणाराच गुन्हेगार ठरतो. मोटार तर परत येतच नाही.

— ऊस विकास अधिकारी