माग्दा नाखमन : एका निर्वासित चित्रकार स्त्रीचें चरित्र

मायभूमि सुटली म्हणजे मनुष्याची भाषा, प्रतिष्ठा व परिचितांचें वर्तुळ हीं सर्व मागें राहतात. कलावंताची कला मात्र त्याच्यासवें जाते. परंतु तिलाहि नव्या मातींत पुन्हां रुजावें लागतें. हें रुजणें किती कष्टाचें असतें, तें माग्दा नाखमन या रशियन चित्रकार स्त्रीच्या चरित्रावरून ध्यानांत येतें.

माग्दाबाईंचा जन्म १८८९ सालीं सेंट पीटर्सबर्गच्या परिसरांत झाला. वडील ज्यू व आई ल्यूथरपंथी जर्मन. त्या शहरांतील झ्वान्त्सेवा यांच्या कलाशाळेंत त्यांना प्रथम लेओन बाक्स्त व पुढें पेत्रोव्ह-वोद्किन हे गुरु लाभले. बाक्स्त हे रशियन बॅलेच्या नेपथ्यामुळें युरोपभर गाजलेले. १९१३ सालीं माग्दाबाईंनीं कवयित्री मारिना त्स्वेतायेवा यांचें तैलचित्र काढिलें. या कवयित्रीला समोर बसवून काढलेलें असें हें एकच तैलचित्र आज ज्ञात आहे.

१९१७ च्या राज्यक्रांतीनें हें जीवन उधळून दिलें. अन्नटंचाईच्या त्या दिवसांत माग्दाबाईंनीं खेड्यांतील रंगभूमीसाठीं नेपथ्य सिद्ध केलें. पुढें मद्रासकडील क्रांतिकारक एम्. पी. टी. आचार्य यांच्याशीं त्यांचा विवाह झाला, आणि १९२२ सालीं हें दांपत्य बर्लिनला आलें. तेथें रशियन निर्वासितांची मोठी वस्ती होती. कादंबरीकार व्लादिमिर नाबोकॉव्ह यांचें चित्र त्यांनीं तेथेंच काढिलें. तें आज उपलब्ध नाहीं. १९३३ सालीं हिटलर सत्तेवर आला. ज्यू पित्याच्या कन्येला आणि तिच्या हिंदी पतीला जर्मनींत थारा उरला नाहीं. पतीच्या पाठोपाठ माग्दाबाई १९३६ च्या सुमारास मुंबईस आल्या.

वय पन्नाशीकडे झुकलेलें, भाषा अपरिचित आणि पति सरकारच्या दृष्टीनें संशयित! कुंचला हाच काय तो आधार होता. मागणीप्रमाणें व्यक्तिचित्रें काढून देत असतांनाच त्यांनीं नर्तक, कष्टकरी स्त्रीपुरुष व गोरगरीब यांचींहि चित्रें काढिलीं. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांतून त्यांचें काम रसिकांसमोर येऊं लागलें. वॉल्टर लँगहॅमर व रुडॉल्फ फॉन लायडन हे युरोपांतून आलेले कलाभिज्ञहि त्या काळीं मुंबईंतच होते. १२ फेब्रुवारी १९५१ रोजीं माग्दाबाईंच्या चित्रांचें प्रदर्शन मुंबईंत उघडावयाचें होतें. उद्घाटन कांहीं तासांवर आलें असतां त्यांचें निधन झालें. आचार्यहि १९५४ सालीं वारले.

एवढी गुणी कलावती विस्मृतींत कां गेली? व्यक्तिचित्रकाराचें काम संग्रहालयांत क्वचित् जातें. तें ज्याचें त्याच्या घरीं राहतें. घर मोडलें, धनी देशांतरास गेला, कीं चित्रहि नाहींसें होतें. माग्दाबाईंचीं चित्रें तर तीन देशांत विखुरलीं. लीना बर्नस्टाईन यांनीं परिश्रमपूर्वक लिहिलेलें त्यांचें चरित्र २०२० सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हां कोठें हा धागा पुन्हां जुळला. मुंबईंतील ज्या जुन्या घरांत आजोबा-आजींचें एखादें जुनें व्यक्तिचित्र अद्याप भिंतीवर असेल, तेथील मंडळींनीं त्याच्या कोपऱ्यांतील सही एकवार अवश्य वाचून पाहावी.