झांजिबार, मुंबई, पाचगणी

हार्ड रॉक म्हणजे नुसता धांगडधिंगा, तो आपला नव्हे, असं मी अकोल्यात मुलाला सांगायचो. एकदा त्यानं ‘क्वीन’ या बँडचा १९७८चा ‘जॅझ’ हा अल्बम लावला. पहिलंच गाणं ‘मुस्तफा’. सुरुवात थेट अजानची आठवण देणारी! गायक फ्रेडी मर्क्युरी झांजिबारमध्ये जन्मलेला पारशी. शिकला आपल्या पाचगणीत, पहिला बँडही तिथलाच.

त्याच झांजिबारची गायिका सिती बिंती साद १९२८मध्ये मुंबईला आली होती. अरबी, भारतीय आणि आफ्रिकी सुरांचा मेळ असलेली ‘तारब’ गाणी तिनं इथं स्वाहिलीत ध्वनिमुद्रित केली. त्या तबकड्या पूर्व आफ्रिकेत खपल्या.

दुकानात दोघांचे कप्पे वेगळे. समुद्र मात्र एकच. म्हणून अल्बमवरचं लेबल नंतर वाचा, गाणारा कुठून आला ते आधी विचारा.